बसलेली आई

माझ्या तोंडून ही गोष्ट आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोपुढे नाही, मित्रांच्या बैठकीत चार पेले झाल्यावर नाही, देवापुढे तर नाहीच — देवापुढे मी धंदा सोडून दुसरं काही बोलत नाही. एकदाच एका माणसाला सांगायला गेलो होतो. त्याचं काय झालं तेही सांगणार आहे.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की मी खरं बोलायचं सोडून जिंकायला बघतो. इथे जिंकण्यासारखं काही नाही.

आधी आईचे हात सांगायला हवेत. पण हात सांगितले की सगळंच सांगितल्यासारखं होईल. थांबा — धंदाच आधी सांगतो.

डहाणू रोडला स्टेशनजवळ माझा स्टुडिओ आहे. लहान आहे, पण माझा आहे. वडिलोपार्जित नाही, कुणाच्या उपकाराचा नाही. लग्नं, साखरपुडे, शाळांचे ग्रुप फोटो, समुद्राकाठच्या रिसॉर्टच्या खोल्या, चिकूच्या वाड्या, फुग्यांच्या कारखान्यातले रंगांचे ढीग — ज्याचा म्हणाल त्याचा फोटो काढतो. भाव करण्यात मला फारसं कुणी हरवलेलं नाही. 'थोडुं ओछुं करो ने, भाई' म्हणत एखादा शेठ समोर बसला की मी लेन्सचं झाकण लावतो आणि चहा मागवतो. चहा संपेपर्यंत तो माझ्या आकड्यावर आलेला असतो. आणि राग? एका नवरदेवाच्या मामाने 'ए फोटोवाले' म्हणून चुटकी वाजवली, तेव्हा पंगत चालू असताना मी कॅमेरा बॅगेत भरून निघालो होतो. मांडवाबाहेर धावत आले बिचारे, हात जोडत. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

ही अक्कल मला आईकडून आली. आमचं गाव उधवा, तलासरी तालुक्यात, पुढे गेलं की गुजरातची हद्द. आई तलासरीच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायची. वांगी हातात घेतली की वजन सांगायची, तराजू नंतर तेच सांगायचा. समोरून गिऱ्हाईक येताना दिसलं की हे घेणारं आहे की नुसतं दाबून जाणारं आहे, ते तिला चालीवरून कळायचं. 'डोळा चुकला की बाजार गेला,' म्हणायची. (ती आमच्या घरच्या बोलीत म्हणायची, मी इथे साध्या मराठीत लिहितोय.) तिचा डोळा चुकत नसे. सगळ्या बाजाराला ते ठाऊक होतं, आणि तिला स्वतःला त्याचा अभिमान होता. दागिना तिच्या अंगावर नव्हता. हाच होता.

आता दादा. त्याच्याबद्दल न बोलता मी कसा माणूस आहे ते तुम्हाला कळणार नाही. आम्ही दोघे भाऊ. वडील म्हणाले, दोघांचं शिक्षण झेपणार नाही, एकाला तरी खुर्ची मिळू दे. ती खुर्ची दादाला मिळाली — तो मास्तर झाला. मला दहावीनंतर डहाणूला एका फोटोग्राफरकडे ठेवलं, लाइटचे स्टँड उचलायला. आज माझी गाडी दादाच्या गाडीपेक्षा मोठी आहे. तरी गावात तो 'सर' आणि मी 'फोटोवाला'. आई दादाकडे राहते. कुणीही भेटलं की म्हणतं, सर आईचं किती करतात! मग मी काय करतो आईसाठी? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीच तो ऐकत होतो — गाडी चालवताना, फोटो धुऊन येण्याची वाट बघताना, दुसऱ्यांच्या आयांना मांडवात नटलेल्या बघताना. शेवटी मी उत्तर द्यायचं ठरवलं. मी आईचे फोटो काढायला लागलो.

लग्नाच्या तिथी संपल्या की मी कॅमेरा घेऊन उधव्याला जायचो. याला मी 'घरचं काम' म्हणायचो. धंद्याच्या कामात गिऱ्हाइकाला काय हवं ते आधी कळतं, मग फोटो काढायचा. घरच्या कामात काही कळत नसे. आई गवताचा भारा घेऊन बांधावरून यायची, आणि ती येतेय की भाराच तरंगत येतोय ते धुक्यात समजत नसे. चुलीच्या धुरात तिचा अर्धा चेहरा असायचा, अर्धा नसायचा. मी काढत राहायचो. ती म्हणायची, 'एवढे काढून करतोस काय? मी काय लग्नाला उभी आहे?' कशासाठी काढतोय ते मलाही नीट माहीत नव्हतं. पण त्या दुपारी मी कुणाशी भाव करत नसे, कुणावर चिडत नसे. झोपेत चालल्यासारखा तिच्या मागे मागे हिंडायचो.

त्यातल्या एकाच फोटोचं सांगायचंय.

आई बसत नसे. जेवतानाही उकिडवी, उठायच्या तयारीत. हिवाळ्यातली दुपार होती, अंगण नुकतंच सारवलेलं होतं, आणि त्याच्यावरून उसळलेला उजेड ओटीवर सांडला होता — ताकासारखा, पातळ. मी म्हटलं, त्या बाकावर जरा बस.

'बसून काय करू?'

'काही करू नकोस.'

तिला ते जमेना. दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी बाकाच्या कडेला टेकली. मग हळूहळू तिच्यातलं काहीतरी सैल होत गेलं. पाठ भिंतीला लागली. हात मांडीवर आले, उजव्यावर डावा. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरात वाकलेली — गवत कापताना विळा लागला होता, तेव्हापासून ती सरळ होत नाही. डोळे उघडे होते, पण ती कुठेच बघत नव्हती. सगळ्या पाड्यात आवाज नव्हता. मी श्वास धरून शटर दाबलं.

'झालं?' ती म्हणाली. 'उठू?'

माझ्या आयुष्यात मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. हे मी आजही म्हणतो. म्हणूनच पुढचं सांगायला जीभ जड होते.

आमच्याकडे, वाणगावपासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत, घरातली बाई गेली की तेराव्याच्या आत तिचा फोटो लागतो. आणि फोटो नसतो. लग्नाच्या अल्बममध्ये ती कुठेतरी मागे, हातात ताट, अर्धी कापलेली. मग मुलगा तिचं आधार कार्ड घेऊन येतो. तो चेहरा तुम्ही पाहिलेलाच असेल, घाबरलेला, गळ्यापर्यंतचाच. मुलगा म्हणतो, 'खाली बॉडी लावून द्या.' असंच म्हणतात, त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. प्रत्येक स्टुडिओत त्यासाठी तयार अंगं असतात. पुरुषांना कोट, बायकांना भरजरी साडी. पण ती अंगं कुठून तरी बाहेरून आलेली, गोरी, गुळगुळीत. आमच्या बायकांच्या चेहऱ्याखाली ती उसन्या कपड्यांसारखी दिसतात.

वाणगावचा एक माणूस असाच आला होता. मी त्याला दोन-तीन अंगं दाखवली. त्याने मान हलवली. म्हणाला, 'उभी नको हो. बसलेली पाहिजे. आयुष्यात बसली नाही ती, फोटोत तरी बसू दे.'

बसलेली बाई माझ्याकडे एकच होती.

कळलं ना तुम्हाला? तरी मी म्हणतोच — मी माझ्या आईचा चेहरा काढला आणि तिथे त्याच्या आईचा लावला. साडीचा रंग बदलला, काठ बदलला, मनगटावरचं गोंदण पुसलं. करंगळीला हात लावला नाही. का? तेव्हा वाटलं, करंगळी सरळ केली तर हात खोटे दिसतील. मृताच्या फोटोत लोक डोळे बघतात, हात कोण बघतो? तो माणूस फ्रेम घ्यायला आला आणि काउंटरवर डोकं टेकवून रडला. 'अशीच होती,' म्हणाला. 'अगदी अशीच.'

एकदाच करून थांबलो असतो तर? पण थांबलो नाही. लोक यायला लागले: 'वाणगावला दिलात तसा, बसलेला.' डहाणूत दुसऱ्या कुणाकडे तसा मिळत नव्हता. मी भाव वाढवला, आणि लोकांनी तो न बोलता दिला. मेलेल्या आईसाठी कोण घासाघीस करतं?

हायवे ओलांडून ताडांमधून उधव्याकडे जाताना कधी कधी मला भास व्हायचा. दुपार असायची, रस्ता उन्हात पाण्यासारखा हलायचा, आणि वाटायचं की दोन्ही बाजूंच्या घराघरांत आई बसली आहे. चेहरा वेगळा, साडी वेगळी, पण मांडीवरचे हात तेच. उदबत्तीचा धूर त्या हातांवरून वर जातोय. आपल्या घरात जी घटकाभर बसत नव्हती, ती एवढ्या घरांत बसून राहिली होती. काही बोलत नव्हती. कुणी तिला उठवत नव्हतं. ते एखाद्या गोड स्वप्नासारखं होतं, पण त्यात एक गोष्ट बोचायची: प्रत्येक घरात तिच्या गळ्यात हार होता.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. मला माहीत नव्हतं का? चेहरा तिचा नाही ना, असं मी मनाशी म्हणायचो. मी स्वतःशीही भाव करत होतो, आणि तिथेही जिंकत होतो.

वर तोरा काय! समुद्राकाठच्या एका रिसॉर्टचं काम मी वर्षानुवर्षं केलं आहे. तिथल्या मालकाने एकदा माझ्या लॅपटॉपवर आईचे फोटो बघितले — धुक्यातला भारा, चुलीचा धूर. जेवणाच्या हॉलमध्ये लावायला मागितले, वाटेल ती किंमत बोल म्हणाला. मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, शेठ, तुमच्या खोल्यांचे फोटो विकतो मी, घरचं विकत नाही. ही गोष्ट गावात पसरली. पसरली म्हणजे मीच पसरवली. दादाच्या कानावर गेली तेव्हा तो म्हणाला, 'हे मात्र तू चांगलं केलंस.' आणि त्याच दिवशी स्टुडिओत कॉम्प्युटरवर आई कुणाच्या तरी चेहऱ्याखाली बसलेली होती, साडीला हिरवा रंग चढवायचा बाकी होता.

मग जमनाकाकी गेली.

जमनाकाकी म्हणजे आमच्याच पाड्यातली, आईची मैत्रीण. दोघी एकत्र बाजाराला जायच्या, एकमेकींच्या टोपल्या उचलून द्यायच्या. तिचा मुलगा कार्ड घेऊन डहाणूला आला. त्यालाही बसलेलीच हवी होती. आता तुम्ही विचाराल, निदान आपल्या पाड्यात तरी हे करायचं नव्हतं, एवढं मला कळलं नाही? कळलं होतं. पण लग्नसराई ऐन भरात होती, एका कारखान्याचं काम अडकलं होतं, नवीन काही करायला सवड नव्हती. आणि आजवर कुणाला कळलं नाही, तर आता काय कळणार, ही मस्तीही होती. मी फोटो करून दिला.

तेराव्याला आम्ही सगळे गेलो. खुर्चीवर फोटो ठेवला होता, त्याला झेंडूचा जाड हार, समोर समई. बाहेर पुरुषांची पंगत चालू होती, आत बायका बसल्या होत्या. मी दारात उभा होतो. छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात धूर गोल गोल फिरत होता. आई पाया पडायला पुढे गेली. वाकली, हात जोडले — आणि उठेचना. मग तिने एका बोटाने हार बाजूला केला.

बघत राहिली.

'हे माझे हात आहेत,' ती म्हणाली.

आधी कुणाला समजलंच नाही. मग शेजारची एक म्हातारी म्हणाली, 'अगं, जमना गेली, तू नाही गेलीस! जेवून घे चल, भूक लागली तुला.' तेराव्याच्या घरात हसू येऊ नये, पण दोघी-तिघी हसल्या.

'हसू नका,' आई म्हणाली. 'ही करंगळी बघा. ही माझी आहे.' तिने आपला हात फोटोजवळ धरला, आणि वळून मला शोधलं. 'बाबू, तू काढलास ना? सांग यांना.'

माझ्याकडे सगळे बघत होते. काकीचा मुलगा बघत होता, सकाळपासून त्या फोटोसमोर बसून त्याचे डोळे सुजले होते. वहिनी बघत होती. आणि आई. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात तराजूने तिच्याच अंदाजाएवढं वजन दाखवलं की ती जशी बघायची, तशी बघत होती. आता बाबू सांगेल, की झालं.

मी म्हणालो, 'आई, काच आहे ती. काचेत तुझाच हात दिसतोय तुला.'

कसं सुचलं मला? इतक्या पटकन, इतकं चपखल? माझ्या सगळ्या धंद्यात मी एवढा चांगला तोडगा कधी काढला नव्हता. बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. 'हो गं, काचच ती,' कुणीतरी म्हणालं.

आईने हात मागे घेतला. पदरात लपवला. पुन्हा फोटोकडे पाहिलं. फोटोतला हात अर्थातच तिथेच होता, वाकलेल्या करंगळीसकट. ते तिने पाहिलं. तिने पाहिलं हे मी पाहिलं.

'अजून दिसतोय,' ती हळूच म्हणाली.

आणि मग माझा आवाज चढला. 'वेड लागलंय का तुला? लोकांच्या घरी तेरावा आहे आणि तुझं काय चाललंय! काकीचा फोटो आहे तो!'

भर घरात. तिच्या बरोबरीच्या बायकांसमोर. वहिनीने तिला दंडाला धरून बाहेर नेलं. ती गेली, पदरातल्या हाताकडे बघत.

हा माझा गुन्हा. फोटोचा नाही. फोटोचं मी कदाचित कुठे तरी कबूल करून, हसण्यावारी नेऊन सुटलो असतो. खरं बघणाऱ्या बाईला मी सांगितलं की तुझे डोळे खोटे आहेत, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं काम काय केलं असेल मी? करंगळी सरळ केली. कॉम्प्युटरवर, नीट, वेळ घेऊन. पुढच्या सगळ्या बायका सरळ करंगळीच्या झाल्या. हात खोटे दिसतील अशी भीती होती ना मला? नाही दिसले. कुणाची तक्रार आली नाही.

काही दिवसांनी दादाचा फोन आला. 'आईचं तुला काय वाटतं? तू तिच्यासोबत इतका असतोस त्या फोटोंच्या वेळी. काही जाणवलं होतं का?' आयुष्यात पहिल्यांदा दादा मला काही विचारत होता. मला ते — कसं सांगू — गोड लागलं. मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, 'वय झालं, दादा. एकदा दाखवून घे.' त्याने दाखवलं. डॉक्टरने काहीबाही विचारलं, आई गोंधळली, गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर कुणीही वाईट वागलं नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळ्यांनी काळजीच घेतली. वहिनीने तिला चुलीजवळ एकटं बसू देणं बंद केलं. विळा वर, तुळईत खोचून ठेवला. बाजाराला जायचं म्हणाली तर दादा म्हणाला, 'आता कशाला, आई? हिशेबात गडबड होईल, लोक फसवतील.' तिच्या बाजारातल्या जागेवर दुसरी कुणी बसायला लागली. सुरुवातीला तिने वाद घातला. पण वाद घातला की वहिनी काळजीने दादाकडे बघायची, आणि ते बघणं आईला दिसायचं. मग ती गप्प व्हायला शिकली.

आणि विचारायला शिकली. 'ती शेळी काळीच आहे ना रे?' 'दारात कुणी उभं आहे, की मलाच वाटतंय?' एकदा मी मुद्दाम वांगं तिच्या हातात दिलं, म्हटलं, सांग बघू किती भरेल. तिने ते हातात फिरवलं. ओठ हलले. मग माझ्या हातात परत दिलं. 'तूच सांग,' म्हणाली.

मी तिचे फोटो काढणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला की ती आता फोटोकडे न बघता माझ्याकडे बघायची. 'ही मीच ना?' विचारायची. मी हो म्हटलं की खूश व्हायची. त्या 'हो'साठी तिला माझी गरज लागावी, याहून मोठी सत्ता माणसाला काय मिळते? दादाला तरी कुठे मिळाली होती?

अशी वर्षं गेली. आता ती खरंच विसरते. नावं, दिवस, जेवली की नाही ते. हे वयाने झालं की आम्ही तिला शिकवलं, मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतो, वयाने. मी ते ऐकून घेतो.

यंदाच्या हिवाळ्यात एका दुपारी मी उधव्याला गेलो, कॅमेरा न घेता. दादा शाळेत होता, वहिनी नळावर गेली होती. आई मागच्या अंगणात सूप पुढे घेऊन वाल सोलत होती. वालाच्या ओल्या सालींचा वास सुटला होता. ऊन तिच्या पाठीवर होतं आणि सगळं कसं दूरचं, पाण्याखालचं असल्यासारखं शांत होतं. मी शेजारी बसलो आणि एका दमात बोललो. 'आई, जमनाकाकीच्या फोटोतले हात तुझेच होते. मीच लावले होते. काचबिच काही नव्हती. तू बरोबर होतीस.'

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं — पुष्कळ दिवसांनी इतकं टक लावून. मग घराच्या दाराकडे बघितलं, कुणी ऐकतंय का म्हणून. आणि माझ्याकडे सरकली.

'कधीपासून वाटतंय तुला असं?' तिने विचारलं.

मी सुपातली एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

'मलाही वाटायचं रे,' ती म्हणाली. आवाज इतका मऊ, लहानपणी ताप आला की असायचा तसा. 'अगदी खरं वाटतं. डोळ्यांपुढे दिसतं. पण ते तसं नसतं, बाबू. तूच सांगितलंस ना मला?'

'आई, खरंच —'

'हो, हो. पण दादाला बोलू नकोस हां. तो लगेच डॉक्टरकडे नेतो. मग हातातली कामं काढून घेतात एकेक. तुझा तर धंदा आहे.' तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. 'मी नाही सांगणार कुणाला.'

खिशात फोन होता. फोनमध्ये तो मूळ फोटो आहे — बाक, भिंत, हात, आणि वर तिचा स्वतःचा चेहरा. तो काढून शेजारी काकीचा दाखवला असता तर तिला पटलं असतं. कदाचित नसतंही. पण मी खिशात हात घातला नाही. वहिनी नळावरून येताना दिसत होती.

'बरं,' मी म्हणालो.

आईने सूप माझ्याकडे सरकवलं, मूठभर शेंगा माझ्यापुढे ठेवल्या.

'घाई करू नकोस,' ती म्हणाली. 'चुकलं तरी मी परत बघेन.'